खाऱ्या वाऱ्यातली मोटारसायकल: ब्रेकवरच्या गंजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या किनारपट्टीवर गाड्या दुरुस्त करताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही जण फोटो पाठवतात, काही गाडी घेऊनच दारात उभे राहतात, आणि गणपतीच्या आधी मुंबईहून फोन येतात ते वेगळेच. म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सकाळी गाडी काढली की डिस्क प्लेटवर तांबूस थर दिसतो. गाडी चालवू का?

चालवा. रात्री दव पडलं किंवा गाडी धुतली, की ब्रेक दाबल्यावर पॅड जिथे घासतात त्या उघड्या धातूवर हलका तांबेरा धरतो. घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा, थर निघून जाईल. पहिल्या एक-दोन वेळा खरखर ऐकू येईल आणि ब्रेक थोडा कमी लागेल. म्हणून घरातून निघून थेट उताराला लागू नका.

दहा-बारा वेळा ब्रेक मारूनही प्लेटवर तांबूस पट्टा उरला, तर पॅड त्या भागाला टेकतच नाही. मग दोष कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून प्लेटवर दाबणाऱ्या भागात, शोधायचा (प्रश्न ८).

२. डिस्क स्टेनलेस स्टीलची असते म्हणतात. मग ती गंजते कशी? घरातली भांडी तर गंजत नाहीत.

दोन्ही स्टेनलेसच, पण जात वेगळी. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. डिस्क कडक हवी, घासली जाऊन लवकर झिजायला नको. म्हणून ती उष्णतेने कडक करता येणाऱ्या स्टीलची करतात, आणि त्यात क्रोमियम साधारण १२-१३ टक्केच असतं. लोहचुंबक लावून पाहा: डिस्कला घट्ट चिकटेल, चांगल्या भांड्याला जवळजवळ नाही. क्रोमियम कमी म्हणून गंजाला अटकाव कमी. त्यात मिठातलं क्लोराइड स्टेनलेसवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतं, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

३. आमच्याकडे गाडी लवकर गंजते ती पावसाने की खाऱ्या वाऱ्याने?

दोन्हींनी, पण मीठ जास्त वाईट. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे सगळा दोष पावसाच्या माथी जातो. खरं तर मुसळधार पाऊस गाडीवरचं मीठ धुऊन नेतो. मीठ साचतं ते पाऊस पोचत नाही तिथे: मडगार्डच्या आत, कॅलिपरच्या मागे, ब्रेक पेडलच्या बिजागरीत, सायलेन्सरच्या खालच्या अंगाला.

हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून पाझरायला लागतं. डबीतलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर साधारण ३३ टक्के दमटपणालाही ओलं राहतं. म्हणजे डिसेंबरात कोरडी दिसणारी गाडी सांदीकोपऱ्यात ओलीच असते. दिवाळीपासून मेपर्यंत पाऊस नाही म्हणून गाडी न धुणारे लोक मला दरवर्षी भेटतात, आणि सर्वांत वाईट गंज त्यांच्याच गाड्यांवर असतो. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल तर उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको. शेवटचा हात तरी नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने फिरवा.

४. कुठला गंज नुसता दिसायला वाईट आणि कुठला धोक्याचा, हे घरी कसं ओळखू?

आधी तो गंजच आहे ना ते बघा. जांभ्याची तांबडी माती आणि तांबेरा लांबून सारखेच दिसतात. ओलं बोट फिरवा: माती निघून येते, गंज तिथेच राहतो.

मग स्वतःला एकच विचारा: हा भाग हलायचा आहे का? स्टँडवर, फूटरेस्टवर, नंबर प्लेटच्या पट्टीवर गंज असेल तर फुरसतीने घासा आणि रंगवा. पण हलणाऱ्या भागावर नखाएवढा गंजही गाडी अडवतो. कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा भाग), स्लायडर पिन (प्रश्न ८), ड्रम ब्रेकचा कॅम (प्रश्न ७), लिव्हरचा पिव्होट बोल्ट, पेडलची बिजागरी, केबलची तार, ही ती ठिकाणं. आणि यातली बहुतेक बाहेरून दिसत नाहीत.

म्हणून नजरेपेक्षा हाताने तपासा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. दोन्ही वेळा चाक सारखंच मोकळं फिरलं पाहिजे. पुढचं चाक तपासताना कोणाला तरी गाडी मागे दाबून धरायला सांगा. दुसरी तपासणी फेरफटका मारून आल्यावर: पुढच्या-मागच्या ब्रेकजवळ हाताचा मागचा भाग न टेकवता धरा. ब्रेक फारसा वापरलेला नसताना एक बाजू तापलेली लागली, तर तिथे काहीतरी अडकलेलं आहे. हात लावून पाहू नका, डिस्क भाजते.

प्लेटची जाडीही बघायला हवी. किमान जाडी प्लेटवरच कोरलेली असते, आणि त्याखाली गेली की प्लेट बदलायची. कडेला न झिजलेली धार उरते, त्यामुळे व्हर्नियर जास्त माप दाखवतो. मायक्रोमीटरने धारेच्या आत मोजा.

५. पुळणीवर गाडी घातली आणि लाटेचं पाणी लागलं. आता काय करू?

त्याच दिवशी धुवा. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. पाणी सुकून जातं, मीठ बेअरिंगच्या आणि कॅलिपरच्या फटीत बसून राहतं. साध्या नळीने, कमी दाबाने, पण भरपूर पाणी सोडा. खालून वर, चाकाच्या आतून, दोन्ही कॅलिपरच्या मागून. ब्रेक आधी थंड होऊ द्या. मग थोडं अंतर हळू चालवून, ब्रेक मारून सुकवा. वाळू पॅड आणि प्लेटच्या मध्ये अडकली असेल तर करकर येईल. ती धुऊन जात नसेल तर पॅड काढून साफ करावे लागतात.

दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटीतून रोज जाणाऱ्यांनी हेच आठवड्यातून दोनदा करावं. तुषार दिसत नाहीत, पण मीठ बसतं.

पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, वर गेलं असेल तर घरच्या धुण्यावर भागवू नका. चाकं उतरवून बेअरिंग आणि ड्रम उघडून बघायलाच हवेत.

६. सर्व्हिसिंगला गाडी धुतल्यावर डिझेल मारतात. त्याने गंज लागत नाही ना?

डिझेलचा पातळ थर उघड्या लोखंडाला काही दिवस वाचवतो, एवढं खरं. पण तो उडतो सगळीकडे. डिस्कवर आणि पॅडवर बसला की ब्रेक लागत नाही. पॅड तेल शोषून घेतात, आणि मग ते घासून पूर्ववत होतील याचा भरवसा नाही. कॅलिपरमधली रबरी सील ज्या रबराची असतात ते डिझेल, पेट्रोल, रॉकेलने फुगतं, आणि फुगलेलं सील पिस्टनला मागे येऊ देत नाही. वर त्या चिकट थरावर धूळ आणि मीठ बसून खरवडणारा लेप तयार होतो.

मी स्पष्ट सांगतो: डिझेल मारू नका असं गाडी देतानाच सांगा. तकाकीपेक्षा ब्रेक महत्त्वाचा. धुण्याच्या मशिनचा फवाराही कॅलिपरवर आणि चाकाच्या आसावर जवळून धरू देऊ नका, कारण तो दाब पाण्याला रबरी टोपणांच्या आत ढकलतो.

चुकून स्प्रे किंवा तेल प्लेटवर उडालंच, तर स्वच्छ फडक्यावर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्लेट दोन्ही बाजूंनी पुसा. पॅडवर मुरलं असेल तर दोन्ही पॅड बदला.

७. मागचा ड्रम ब्रेक दाबल्यावर पाय काढला तरी सुटत नाही. स्प्रिंग गेली का?

स्प्रिंग क्वचितच जाते. दहातल्या आठ वेळा ब्रेक कॅमचा दांडा गंजून जाम झालेला असतो. पेडल दाबलं की हा दांडा वळून ब्रेक शू फाकवतो. तो प्लेटमधल्या ज्या भोकात फिरतो तिथलं ग्रीस संपलं आणि पाणी शिरलं, की गंजाला फुगायला जागा हवी आणि ती तिथे नसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दांडा भोकात आवळला जातो.

बाहेरून स्प्रे मारून दोन दिवस सुटतो, आणि लोक तिथेच थांबतात. तो स्प्रे आत झिरपून शूवर गेला तर उलटाच धोका. योग्य काम असं: चाक काढा, ब्रेक प्लेट बाहेर घ्या. बाहेरचा आर्म दांड्यावर कुठल्या खाचेत बसतो त्याची खूण करा, नाहीतर परत बसवताना अंदाज चुकतो. शू काढा, कॅम बाहेर ओढा. दांडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, भोक फडक्याने साफ करा. उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पातळ लावा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त ग्रीस गरम होऊन शूवर गळतं.

ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्या. लायनरवरचा तांबूस थर पॉलिश पेपरने काढता येतो, खोल चर पडले असतील तर नाही. ड्रमचा चालणारा कमाल व्यास आतल्या बाजूला कोरलेला असतो.

आणि केबल किंवा रॉडही बघून घ्या. केबलच्या टोकाला एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला.

८. एका बाजूचा पॅड संपला, दुसरा जवळजवळ नवा आहे. असं का?

बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतात, आणि पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून आणतो. पिन गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. मग पिस्टनकडचा पॅड एकटाच राबतो आणि आधी संपतो.

पिन काढून साफ करा. खड्डे पडले असतील तर बदला, महाग नसतात. फाटलेली रबरी टोपणं नवी घाला, कारण पाणी तिथूनच शिरलेलं असतं. ग्रीस लावायचं ते सिलिकॉन ग्रीस. गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्याने रबर फुगून पिन पुन्हा अडकते. दोन्ही पॅड एकसारखेच झिजलेत पण चाक जड फिरतंय, तर दोष पिस्टनचा असू शकतो. तो पुढच्या प्रश्नात आहे.

९. नवीन पॅड टाकले आणि तेव्हापासून चाक जड फिरतं. पॅड चुकीचे आले का?

पॅड बरोबर असतील. हा प्रकार माझ्या स्वतःच्या गाडीवर झाला होता, आणि कारण कळायला मला दोन दिवस लागले.

पॅड झिजतात तसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो. बाहेर आलेल्या भागावर महिनोन्‌महिने चिखल, पाणी आणि मीठ बसतं. क्रोमचा थर असलेला लोखंडी पिस्टन असेल तर त्याच भागावर तांबेरा धरतो. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत दाबावा लागतो. तसाच दाबला तर तो गंजलेला भाग सीलमधून आत जातो. पिस्टनला परत मागे खेचण्याचं काम चौकोनी कापाचं हे रबरी सीलच करतं: दाबाखाली ते किंचित वाकतं आणि सोडल्यावर सरळ होतं. गंजाच्या खरखरीत कडेने ते अडकतं, फाटतं, आणि पॅड प्लेटला घासत राहतात.

म्हणून पिस्टन आत दाबण्याआधी साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रशने तो चहूबाजूंनी धुवा, पुसा, ब्रेक ऑइलचा हात फिरवा, आणि मगच दाबा. मी पॅड बदलणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने कॅलिपर वाचतो.

पिस्टनवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर तो एमरीने घासून वापरू नका. घासल्यावर उरलेला क्रोमही जातो आणि एका पावसाळ्यात परत तेच. पिस्टन आणि सील दोन्ही नवे घ्या. काळा, प्लॅस्टिकसारखा पिस्टन असेल तर तो गंजत नाही. तिथे सीलच्या खाचेत साठलेली पांढरी पावडर काढावी लागते. ती ॲल्युमिनियमच्या कॅलिपरचा गंज असते आणि सीलला मागून आवळते.

१०. पॅड अजून जाड आहे, तरी मेकॅनिक बदला म्हणतो. पैसे काढायला बघतोय का?

पॅड कडेने बघा. मागची लोखंडी पट्टी आणि घासणारा मसाला यांच्या सांध्यात तांबूस रेघ किंवा फट दिसली, तर तो खरं सांगतोय. पट्टीवरचा गंज फुगून मसाल्याला आतून उचलतो. जोराच्या ब्रेकला मसाला एका तुकड्यात सुटून येऊ शकतो. सांधा स्वच्छ असेल आणि झिजेची खाच अजून दिसत असेल, तर पॅड चालू ठेवा.

११. ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलायचं? त्याचा गंजाशी काय संबंध?

दर दोन वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली तरी. मॅन्युअलमध्ये त्याहून लवकर म्हटलं असेल तर तसं.

नाव ऑइल असलं तरी हे तेल नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत, आणि ते हवेतलं पाणी शोषतात. आमच्यासारख्या दमट हवेत ते पाणी होजमधून (रबरी नळीतून) आणि टाकीच्या झाकणातून सतत आत येत राहतं. त्याचे परिणाम दोन. मास्टर सिलेंडर (लिव्हर दाबल्यावर द्रव ढकलणारा भाग) आणि कॅलिपर आतून गंजतात, जिथे तुमची नजर कधीच पोचत नाही. आणि उकळबिंदू खाली येतो: डॉट ४ साठी मानकाप्रमाणे नव्या द्रवाचा किमान उकळबिंदू २३० अंश सेल्सिअस, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १५५. आंबा किंवा आंबोली घाट उतरताना द्रव उकळून वाफ झाली, तर लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागत नाही.

टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचा असतो, तो यांच्यात मिसळायचा नाही. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नका. नाव ऐकून कोणी इंजिन ऑइल किंवा दुसरं तेल टाकलं, तर सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण ब्रेक उघडावा लागतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

१२. एअर काढायला गेलो तर निपल गंजलेलं, फिरतच नाही. जोर लावू का?

नको. निपल म्हणजे ब्रेकमधली हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू. ते पोकळ असतं, मुंडी तुटली तर काम तिप्पट वाढतं. कॅलिपर सोडवून पॅड काढा, म्हणजे स्प्रे त्यांच्यावर जाणार नाही. गंज सोडवणारा स्प्रे निपलच्या बुडाशी मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी निपलवर वरून हातोडीने हलके ठोके द्या आणि सहा बाजूंच्या गोटी पान्याने धरा, बहुधा ८ मिलीमीटरची लागते. बारा कोनांचा रिंग पाना कोपरे गोल करतो. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं पुढे-मागे करत काढा. निपलच्या भोकात बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून ठेवला तर ते चेपत नाही.

सील आत असताना गॅसची ज्योत लावू नका. तुटलंच तर लेथवाल्याकडे द्या, आटे खराब करून घेऊ नका. नव्या निपलवर रबरी टोपी हवीच. ती हरवल्यामुळेच पाणी आत उभं राहतं.

१३. सगळे नट-बोल्ट स्टेनलेसचे करून टाकू का?

मडगार्ड, नंबर प्लेट, साइड पॅनेलला जरूर. ब्रेकला नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर बहुधा ए२-७० लिहिलेलं असतं. त्याची ताकद कंपनीच्या ८.८ किंवा १०.९ दर्जाच्या बोल्टपेक्षा कमी. डिस्कचे आणि कॅलिपरचे बोल्ट कंपनीचेच घ्या, आणि टॉर्क पान्याने आवळा.

ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट घातला आणि मध्ये खारं पाणी आलं, की ती छोटीशी बॅटरीच होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आट्यात पांढरी पावडर फुगून बोल्ट असा बसतो की आटे सोबत घेऊनच निघतो. जिथे घालाल तिथे आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. पेस्ट लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, हे ध्यानात ठेवा. होज जोडणाऱ्या बोल्टच्या तांब्याच्या वॉशर मात्र दर वेळी नव्या.

१४. कोकम आगळ, चिंच, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड: गंज काढायला काय वापरू?

आगळ नको, त्यात मीठ असतं. चिंच पितळेच्या भांड्यांना ठीक. सुट्या केलेल्या साध्या लोखंडी भागांसाठी व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून चालतं. काही तास बुडवा, ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि लगेच रंग किंवा तेल. नुसतं वाळत ठेवलं तर तासाभरात परत तांबूस होतं.

संडासचं ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. ते क्रोम आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं, आणि त्याच्या नुसत्या वाफेने शेजारी ठेवलेली हत्यारंही गंजतात. गाडीजवळ आणूच नका.

कोणतंही आम्ल डिस्कच्या व कॅलिपरच्या बोल्टना, स्प्रिंगला आणि चेनला वापरू नका. कडक केलेल्या स्टीलमध्ये आम्लातून हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं, आणि तुटेपर्यंत वरून काही दिसत नाही.

१५. क्रोमच्या हँडलवर ठिपके आलेत. जातील का?

स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकेच घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे न पडता तांबेरा निघतो. छिद्रं राहणारच, म्हणून वर मेणाचं पॉलिश लावत राहा. पापुद्रे सुटले असतील तर पुन्हा प्लेटिंग हाच उपाय.

१६. मी मुंबईत असतो, गाडी गावी. जूनपासून गणपतीपर्यंत बंद राहते. कशी ठेवू?

आधी धुवा आणि दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आतली वाफ आतच राहते आणि उघडी ठेवली असती तर बरं झालं असतं असं होतं. पडवीत, मधल्या स्टँडवर, खाली फळी, वर जुनी सुती चादर. गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी नको: गोमूत्राच्या अमोनियाने पितळेचे भाग तडकू शकतात, आणि खतं मिठासारखीच पाणी ओढतात.

डिस्कला तेल लावून ठेवू नका. घरी कोणी असेल तर आठवड्यातून एकदा चाकं फिरवून दोन्ही ब्रेक दाबायला सांगा. गावी आल्यावर चाक फिरलं नाही तर शू ड्रमला चिकटले असतील. इंजिनाच्या जोराने ओढू नका, गाडी न्यूट्रलमध्ये पुढे-मागे हलवून सोडवा. सुटले तरी महामार्गाला लागण्यापूर्वी प्रश्न ४ मधली तपासणी आणि एकदा ड्रम उघडून बघणं हवंच.

१७. एबीएसचा दिवा जात नाही. हा गंजाचा प्रकार असू शकतो?

हो, किनाऱ्यावर बऱ्याचदा असतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे हा प्रश्न आता वाढला आहे. चाकाशी खाचांची कडी फिरते आणि शेजारचा सेन्सर त्या खाचा मोजतो. सेन्सर बसतो तिथे गंज फुगला की तो कडीपासून दूर उचलला जातो. खाचांत तांबडा चिखल बसतो, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुगा चिकटतो. कडी मऊ ब्रशने आणि पाण्याने साफ करा, सेन्सर काढून टोक आणि बैठक पुसा. कडी वाकवू नका.

गाडी सुरू केल्यावर दिवा लागून थोडं चालल्यावर विझतो, तो दोष नाही. चालत असताना लागलेला राहिला तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्यापासून वाचवणारं कोणी नसतं. साफ करूनही राहिला तर कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर वायरिंगमध्ये पाणी शिरलंय, आणि ते काम स्कॅनर असलेल्या ठिकाणीच द्या.